मामांचा तास

गणिताचे सर शाळेची घंटा वाजवताना दिसले आणि माझ्या हातातला चहा साडीवर सांडला.

रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. पाटोद्याहून वडापच्या जीपने पाऊण तास, मग फाट्यावर उतरून दहा मिनिटांचा चढ, असं ते माळावरचं कनिष्ठ महाविद्यालय. मी मराठीची. माझ्या वर्गाला लागून अकरावी विज्ञानचा वर्ग होता आणि मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. चार दिवस मी एका माणसाचा संथ, जरा घोगरा आवाज ऐकत होते. पोरं मध्येच खदखदून हसायची आणि एकदम अशी गप्प व्हायची, की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा कान टवकारायची. गणिताच्या तासाला हसणारी पोरं मी तोवर पाहिली नव्हती. दारातून एकदा डोकावले, तर पांढरा शर्ट, खाकी पँट, कपाळावर भंडारा लावलेला पन्नाशीपुढचा माणूस फळ्यापाशी. पोरं त्यांना ‘मामा’ म्हणत होती. मला वाटलं, लाडाचं नाव असेल.

चौथ्या दिवशी तेच सर वर्गातून बाहेर आले, हात झटकले, वऱ्हांड्यातला लोखंडी टोला उचलला आणि सुटीची घंटा दिली. मग झाडू घेऊन ऑफिसात गेले.

“हे... हे शिपाई आहेत?” मी प्राचार्यांना विचारलं.

“दशरथ मारकड. दशरथमामा,” प्राचार्य फाइलीतून वर न बघता म्हणाले. “गणिताला माणूस येईपर्यंत वर्गात गोंधळ नको म्हणून बसवलंय. बसता बसता शिकवायला लागले. चांगलं शिकवतात म्हणे.”

गणिताला माणूस नव्हता असंही नव्हतं. हजेरीपटात माझ्या वरच्याच ओळीत ‘सौ. शुभांगी, गणित’ असं नाव होतं आणि त्यापुढे रोजची सही. या मॅडम मला कशा भेटल्या नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा प्राचार्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “भेटतील,” म्हणाले. नंतर क्लार्कने सांगितलं, की शुभांगी मॅडम म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची, अण्णांची, सूनबाई. अण्णा म्हणजे पंचक्रोशीतले मोठे जमीनदार, राजकारणातलं वजनदार प्रस्थ. सूनबाई दीड वर्ष कागदावर शिकवत होत्या. फळ्यावर मामा.

मामा धनगराच्या घरातले. मेंढरं राखत बारावी झाले, अंबाजोगाईला बी.एस्सी.ची दोन वर्षं काढली, आणि तिसऱ्या वर्षी वडलांनी अंथरूण धरलं म्हणून माळावर परत आले ते आलेच. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. “दोन वरसं तरी गेलतो की, बाई,” असं म्हणून विषय संपवला. रजा त्यांनी घेतलेली कुणाच्या आठवणीत नव्हती, वर्षातून एक दिवस नारायणगडाला दर्शनाला जायची तेवढी सोडून. खडूचे तुकडे ते काडेपेटीत जपायचे. फळ्यावर लिहायच्या आधी तो एवढा पुसायचे, की पहिल्या बाकावरच्या पोरांना खोकला यायचा. आणि प्रत्येक गणिताच्या आधी एक वाक्य ठरलेलं, “घाई न्हाई. एकेक पायरी उतरू.”

त्यांचा सगळ्यात आवडता धडा फॅक्टोरियलचा. पुस्तक इंग्रजीत, मामांना ते वाचता यायचं, पण बोलायला जीभ वळायची नाही, म्हणून ते सगळं आपल्या भाषेत सांगायचे. पाच लिहून पुढे उद्गारचिन्ह काढलं, की पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक. त्या चिन्हाला पोरं बिचकायची. मामा म्हणायचे, “ह्याला भ्यायचं न्हाई. तो आकडाच दचकलाय. एवढासा पाच, अन् पोटात एकशेवीस निघालं. सोताला बघून दचकलाय तो.”

एका सकाळी त्यांनी सहा पोरापोरींना वऱ्हांड्यात एका ओळीत उभं केलं. बाकीच्यांनी नावं वहीत उतरवायची. मग दोघांच्या जागा बदलायच्या, पुन्हा उतरवायचं. मला तास नव्हता, मीही बाहेर येऊन उभी राहिले. पोरांना वाटत होतं, दहा-पंधरा ओळी होतील अन् संपेल. तास संपला तेव्हा एकोणऐंशी ओळी झाल्या होत्या, उभ्या राहिलेल्यांचे पाय दुखत होते आणि एक पोरगं वैतागून म्हणालं, “मामा, आता संपलं असंल की!”

“अजून सहाशे एकेचाळीस ऱ्हायल्या,” मामा म्हणाले.

कुणाचा विश्वास बसेना. मग मामांनी आणखी चौघांना ओळीत घातलं. दहा जण झाले. “आता रोज सकाळी एक नवी ओळ करायची. एकदा झालेली पुन्हा करायची न्हाई. कवा संपंल?”

कुणी म्हणालं, सहा महिने. कुणी म्हणालं, पाच वर्षं. मी मनात वीस वर्षं धरली होती.

“दहा हजार वरसांना जरा कमी,” मामा म्हणाले.

मी मोबाइल काढून गुणाकार केला. छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. तीनशे पासष्टने भागलं. नऊ हजार नऊशे एक्केचाळीस वर्षं आणि वर काही महिने. समोर दहा पोरं चपला घासत उभी होती, रोज बघायची तीच दहा पोरं, आणि एवढं काही त्यांच्यात दडलेलं होतं हे मला चाळिशीत कळत होतं. रुक्मिण नावाची एक मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्यांच्याच घरातली, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, “मामा, तवर आपुन ऱ्हातोय व्हय!” सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते त्या दहा जणांकडे कौतुकाने बघत राहिले.

हाच हिशोब त्यांनी घटक चाचणीला वापरला आणि तिथून सगळं बिघडलं.

चाचणीत शेजाऱ्याचं बघून लिहायचं, ही त्या वर्गाची जुनी रीत. मामांनी आठ प्रश्न काढले, त्यांच्या पट्ट्या कापल्या, वेगवेगळ्या क्रमाने चिकटवल्या आणि एक्केचाळीस पोरांना एक्केचाळीस वेगळे पेपर दिले. आठ प्रश्नांचे चाळीस हजारांवर क्रम होतात, त्यांना त्यातले एक्केचाळीसच लागले. एरवी सगळे पास व्हायचे, या वेळी अकरा जण झाले. गावात आरडाओरड झाली. प्राचार्य माझ्यासमोरच मामांवर चिडले.

“एवढी पोरं नापास केली तुम्ही मामा!”

“नापास न्हाई केली, सर,” मामा म्हणाले. “आदी पास नव्हतीच. ते आता दिसाया लागलं.”

तक्रार कुणी केली ते कधीच कळलं नाही. निनावी होती. ‘शिपाई गणित शिकवतो’ एवढंच त्यात असावं. पंधरा दिवसांनी न सांगता तपासणीला एक साहेब आले. प्राचार्य धावत वऱ्हांड्यात पोचेपर्यंत साहेब अकरावीच्या दारात होते. मी माझ्या वर्गात शिकवायची थांबले. भिंतीपलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

“आपण?” साहेबांचा आवाज.

“हे आमचे...” प्राचार्यांनी सुरुवात केली.

“मी शिपाई, साहेब,” मामा म्हणाले.

“मग इथं काय करताय?”

“शून्याचं फॅक्टोरियल एक कावून, ते सांगत होतो.”

पोरांतून एक हसू फुटलं आणि लगेच विझलं. मग बाक सरकल्याचा आवाज आला. साहेब मागे जाऊन बसले होते. “सांगा,” म्हणाले. मामांनी सांगितलं. दहा मिनिटं त्यांच्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता. जाताना साहेब दारात थांबून म्हणाले, “छान सांगता तुम्ही.” आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. प्राचार्यांनी त्या दिवशी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला.

आठ दिवसांनी पत्र आलं. कारणे दाखवा नोटीस होती, आणि ती दशरथ मारकड यांच्या नावे होती. पात्रता नसताना अध्यापन करून विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान केल्याबद्दल. मी ते पत्र तीनदा वाचलं. मला वाटत होतं, पुढच्या पानावर आणखी कुणाचं नाव असेल. पुढचं पान नव्हतंच. दीड वर्ष न येता सही होणाऱ्या मॅडमबद्दल एकच ओळ होती, ‘नियमित उपस्थितीबाबत समज द्यावी.’

मामा माझ्याकडे आले. “बाई, उत्तर लिवून द्या. तुमचं मराठी चांगलं.”

मी रागाने फणफणत होते. मोठं, झणझणीत उत्तर डोक्यात तयार होतं. मामा म्हणाले, “न्हाई. मी सांगतो तसं लिवा. वर्ग मोकळा होता. मी मोकळा होतो. चूक झाली. पुन्हा व्हायची न्हाई.” मी पेन खाली ठेवलं. त्यांनी ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या सोमवारी अण्णांच्या पांढऱ्या गाडीतून शुभांगी मॅडम उतरल्या. मी उर्मट, नटलेली बाई डोळ्यांसमोर धरली होती. आल्या त्या तिशीच्या आतबाहेरच्या, घाबरलेल्या. माहेर घाटनांदूरचं, गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या, पुढे बी.एड., आणि लग्न झाल्यापासून पुस्तक हातात धरलेलं नाही. नोकरीचा आदेश त्यांना घरात कुणी दाखवलाही नव्हता, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. वर्गात त्या पुस्तक वाचून दाखवायच्या. रुक्मिणने मुद्दामच विचारलं, “मॅडम, शून्याचं फॅक्टोरियल एक कावून?” मॅडम म्हणाल्या, “ते तसंच असतं. पाठ करा.” वर्ग हसला. ते हसू भिंतीवरून माझ्याकडे आलं आणि मला, खोटं का सांगू, बरं वाटलं.

मामा वर्गाची पायरी चढत नव्हते. वऱ्हांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी स्टुलावर बसून असायचे. आणि त्या महिन्यात अकरावीला विलक्षण तहान लागायला लागली. “मॅडम, पाणी पिऊन येऊ?” एक जण यायचा, शर्टाखालून वही काढायचा. मामा एक पायरी समजावून सांगायचे, तो पाण्याचा घोट घेऊन परत. मग दुसरी. तिला पुढची पायरी. वर्गात परतल्यावर सगळे मिळून ते गणित जोडायचे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खिडकीपाशी थिजून उभी राहिले. नोटिशीला उत्तर मी लिहिलं होतं. ‘पुन्हा होणार नाही’ हे माझ्या अक्षरात होतं.

“मामा, नोकरी जाईल तुमची,” मी सुटीत म्हणाले.

“मी कुटं वर्गात गेलो, बाई? पोरं पाण्याला येत्यात.”

आणि मग एका गुरुवारी, अकरावीचा तास चालू असताना आणि मी वऱ्हांड्यात उभी असताना, स्वतः शुभांगी मॅडम वर्गातून बाहेर आल्या. हातात पुस्तक. सरळ टाकीकडे निघाल्या. आता ही सासऱ्याला सांगणार आणि हा माणूस रस्त्यावर येणार. मामा उठून उभे राहिले. टाकीपाशी वही घेऊन उभा असलेला पोरगा पळाला.

मॅडमनी टाकीवरचा ग्लास घेतला, भरला, पण प्यायल्या नाहीत. “मामा,” त्या म्हणाल्या. “मलापण सांगा ना. शून्याचं. मला खरंच येत नाही हो.”

मी मनातल्या मनात म्हणत होते, नका सांगू. हिच्या सहीखाली दीड वर्ष तुम्ही राबलात, नोटीस तुम्ही घेतलीत. आता भोगू दे तिला.

मामांनी काडेपेटीतून खडू काढला आणि वाकून फरशीवर लिहायला सुरुवात केली.

“घाई न्हाई. चारापासून एकेक पायरी उतरू. चाराचं फॅक्टोरियल चोवीस. त्याला चारानं भागा. किती?”

“सहा.”

“ते तिनाचं झालं. आता तिनानं भागा.”

“दोन. दोनाचं.” मॅडम आता फरशीवर बसल्या होत्या.

“दोनानं?”

“एक. एकाचं.”

“आता एकाला एकानं भागा अन् खालच्या पायरीवर उतरा. हितं कोण हाय?”

मॅडमनी फरशीकडे बघितलं. तोंडावर हात नेला. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या. खूप वर्षांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“अजून सांगू? मेंढरं कोंडायचं वाडगं रिकामं हाय, त्यात मेंढरं उभी करायच्या किती रीती? एकच. वाडगं तसंच ठिवायचं.”

त्या दिवसापासून शुभांगी मॅडम शाळा भरायच्या तासभर आधी यायला लागल्या. प्रयोगशाळेच्या खोलीत मामा त्यांना त्या दिवसाचा धडा शिकवायचे, मग बाहेर येऊन झाडू मारायचे, आणि मॅडम तोच धडा वर्गात शिकवायच्या. सुरुवातीला अडखळत, नंतर नीट. पोरांना हे कळलं तेव्हा ती खवळली. रुक्मिण तर टाकीपाशी येऊन भांडली.

“मामा, तुमी त्यांला कावून शिकवता? त्यांच्यापायी तुमाला वर्गातून काढलं!”

“तिला याया लागलं तर तुला तहान लागायची न्हाई,” मामा म्हणाले.

“आन् तुमचं काय?”

मामांनी टाकीचा नळ घट्ट केला आणि आत गेले. रुक्मिण दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

एकदा मी त्यांना वर्गाच्या खिडकीबाहेर उभं असलेलं पाहिलं. आत मॅडम दहा जणांची ओळ आणि दहा हजार वर्षं सांगत होत्या. वर्ग चिडीचूप. मामा ऐकत होते. चेहऱ्यावर आनंद होता का, ते मी आजही सांगू शकणार नाही. आपल्या घरातलं काही दुसऱ्याच्या घरात मांडलेलं बघावं, तसे ते बघत होते. मी दिसल्यावर ओशाळले. “बराबर सांगत्यात,” म्हणाले आणि झाडू घेऊन मागच्या अंगणात गेले.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. ती बॅच तोवर बाहेर पडली होती. बारावीच्या गणितात रुक्मिणला इतके गुण मिळाले होते, की तिच्या वडलांनी निकाल दोघांतिघांकडून वाचून घेतला. ती बीडला बी.एस्सी.ला गेली होती आणि निरोप समारंभाला मुद्दाम आली होती. मंडपात अण्णा स्वतः होते. शाल, श्रीफळ, हार. अण्णांनी भाषणात सांगितलं, की दशरथने शिपाई म्हणून इमानदारीने सेवा केली, पाण्याची टाकी कधी रिकामी राहू दिली नाही. टाळ्या झाल्या. अण्णांनी हार उचलला.

“एक मिनिट, अण्णा,” शुभांगी मॅडम उठून उभ्या राहिल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं. त्या माइककडे गेल्याही नाहीत, जागेवरूनच बोलल्या, पण मंडपात ते शेवटपर्यंत पोचलं.

“मी इथं पहिल्यांदा आले, त्याच्या आधी दीड वर्ष माझ्या नावावर हे शिकवत होते. सही माझी नव्हती. नोटीस माझी होती, ती यांना आली. आणि मी आज जे शिकवते, ते सगळं यांनी मला शिकवलंय. शाळेतले शिपाई म्हणून नाही, माझे सर म्हणून त्यांना नमस्कार करायचाय.”

त्या पुढे गेल्या आणि मामांच्या पायाशी वाकल्या. अण्णांचा हार धरलेला हात तसाच अधांतरी राहिला. प्राचार्यांनी मान खाली घातली. मला टाळी वाजवायचं सुचलं नाही. मागून रुक्मिणने वाजवली. एकटीनेच. मग बाकीचे.

मामा दोन पावलं मागे सरकले. “उटा, बाई, उटा,” म्हणाले, आणि मग अगदी हळू, मी जवळ होते म्हणून ऐकू आलं, “असं चारचौघांत कावून बोललात? तुमाला घरी जायचंय.”

अण्णांनी हार मामांच्या गळ्यात घातला, कुणाकडे न बघता गाडीत बसले. सूनबाई मागच्या सीटवर बसल्या. दार लागलं. चहा न घेताच लोक पांगले. उद्या मॅडम येणार नाहीत, असं प्राचार्य म्हणाले. क्लार्कही तेच म्हणाला. मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर जीपमधून उतरले, तर लिंबाखाली मामा उभे होते. धोतर, बंडी, खांद्यावर घोंगडी. खाकीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, क्षणभर ओळखलंच नाही.

“मामा, तुम्ही इथं? आता तर सुटलात की.”

“मेंढरं वरच्या अंगाला हायती. म्हटलं, जरा थांबावं.” त्यांची नजर रस्त्यावर होती.

मीही थांबले. दोन जीपगाड्या गेल्या. एक ट्रॅक्टर गेला. शाळा भरायला दहा मिनिटं उरली. तिसरी जीप खच्चून भरलेली आली. मागच्या फळीवरून दोन माणसं उतरली, एका बाईने पोतं खाली घेतलं, आणि तिच्या मागून, पदर खोचून, खांद्याला पर्स आणि हातात गणिताचं पुस्तक घेऊन शुभांगी मॅडम उतरल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी ड्रायव्हरला भाडं दिलं, आमच्याकडे वळल्या आणि मामांना बघून जागच्या जागी थांबल्या.

मामांनी फक्त मान हलवली. मग घोंगडी दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि पायवाटेने माळ चढायला लागले. मॅडम त्यांना हाक मारणार होत्या, पण मी त्यांचा हात धरला. ते झपाझप चालले होते, वळून बघत नव्हते, आणि वरच्या अंगाला पसरलेल्या मेंढरांनी त्यांना येताना पाहून माना वर केल्या होत्या.